डॉक्टर व्हायचं नाही, पण जीवशास्त्र आवडतं? मग गणित सोडू नका

दहावीनंतर सायन्स घेतलेली मुलगी म्हणते, “मला वन्यजीवांसाठी काम करायचंय.” आईवडिलांना पहिली धास्ती पोटापाण्याची. ती रास्तच आहे. म्हणून संवर्धन जनुकशास्त्र, म्हणजे डीएनएच्या अभ्यासातून वन्यजीव वाचवण्याचं शास्त्र, या वाटेची स्पष्ट माहिती इथे देत आहे.

काम काय असतं?

श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वर, दिवेआगरच्या पुळणीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एका घरट्यात साधारण शंभर अंडी. कासवमित्र म्हणवणारे स्थानिक स्वयंसेवक ती हॅचरीत, म्हणजे राखलेल्या उबवण जागेत, सुरक्षित ठेवतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. पण अंडी घालणारी मादी आली कुठून? जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर 2021 साली ओडिशात लावलेला बिल्ला सापडला. मात्र एका बिल्ल्यावरून एकाच कासवाचा प्रवास कळतो. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या कासवांचं नातं समजायला डीएनए लागतो.

त्यासाठी न फुटलेल्या अंड्यातून किंवा मेलेल्या पिल्लातून ऊतीचा छोटा तुकडा घेऊन इथेनॉलच्या कुपीत ठेवतात. कुपीवर किनारा, तारीख, घरट्याचा क्रमांक. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो, त्यामुळे मातृवंश उलगडतो. कासव-संशोधक कार्तिक शंकर आणि सहकाऱ्यांनी 2004 साली याच पद्धतीने दाखवलं, की भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रिडलेंचा वंश इतर महासागरांतल्या रिडलेंपेक्षा वेगळा आणि प्राचीन आहे.

याचा उपयोग थेट संरक्षणाला होतो. दोन्ही किनाऱ्यांची कासवं एकाच कुळातली असतील, तर ओडिशाकडच्या ट्रॉलरच्या जाळ्यात मेलेल्या मादीचं नुकसान इथेही होतं. कुळ वेगळं असेल, तर कोकणातली कासवं गेल्यावर ती उणीव बाहेरून भरून निघणार नाही.

तयारी

अकरावीत अनेक मुलं जीवशास्त्र ठेवून गणित सोडतात. या वाटेवर ते महागात पडतं, कारण नमुने गोळा झाल्यावर खरं काम संख्याशास्त्राचं आणि संगणकाचं असतं. पुण्याच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) साठीच्या प्रवेश परीक्षेतही भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित या चारही विषयांचे प्रश्न असतात. जवळच्या कॉलेजातून बीएस्सी केली तरी चालतं. पुढे बंगळूरुचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) किंवा देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था इथे वन्यजीवशास्त्राची एमएस्सी करता येते. संकटग्रस्त प्राण्यांच्या जनुकीय संशोधनासाठी हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्राची (सीसीएमबी) ‘लॅकोन्स’ ही स्वतंत्र प्रयोगशाळा आहे.

पैशांचं काय?

संशोधक व्हायला एमएस्सीनंतर पीएचडी लागते आणि ती होईपर्यंत वयाची तिशी जवळ येते, हे आधीच मान्य करा. पण तो काळ बिनपगारी नसतो. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली, तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. कायम जागा मोजक्या आहेत आणि चुरस मोठी आहे. मात्र डीएनए आणि आकडेवारी हाताळता येत असेल, तर वैद्यकीय निदान, शेती, मत्स्यसंशोधन, न्यायवैद्यक या क्षेत्रांतही काम मिळतं.

या हंगामात काय कराल?

मुलांना कासवमित्रांसोबत पहाटेच्या फेरीला पाठवा. ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये संरक्षित आहे; वनविभागाच्या परवानगीशिवाय अंड्यांना किंवा पिल्लांना हात लावायचा नाही, निरीक्षणं वहीत लिहायची. थंडीतल्या चार-पाच फेऱ्यांनंतरही मूल स्वतःहून वही उघडत असेल, तर त्याची आवड खरी आहे. मग त्याला गणिताच्या क्लासला घाला आणि निर्धास्त पाठिंबा द्या.