निर्दोष सुटल्यानंतरचा दावा

माझ्या थोरल्या भावाची जन्मठेप उच्च न्यायालयाने रद्द केली. त्यानंतर खोट्या खटल्याबद्दल आम्ही राज्य सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावला. तो अजून चालू आहे. या वाटेला येणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहितो.

१. पेढे वाटून झाले की लगेच दिवाणी वकील गाठा. द्वेषबुद्धीने भरलेल्या खटल्याबद्दल दावा लावायला मुदत कायद्यातल्या अनुच्छेद ७४ प्रमाणे सुटकेपासून एकच वर्ष मिळतं. सरकारला आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत देऊन पोच घ्या. नोटिशीचे दिवस मुदतीत धरत नाहीत, हे खरं. पण सुटून आलेल्या माणसाचं वर्ष आधार, रेशन कार्ड आणि हरवलेली झोप परत मिळवण्यातच सरतं.

२. सुटका झाली म्हणजे दावा जिंकलाच, असं नाही. घरच्यांना हे समजावणं सगळ्यात जड गेलं. फौजदारी कोर्टात गुन्हा शाबीत करणं सरकारचं काम होतं. इथे ओझं आपल्यावर. खटल्याला वाजवी कारण नव्हतं आणि हेतूही वाईट होता, हे दोन्ही दाखवावं लागतं. निकालात ‘संशयाचा फायदा’ असं असलं की सरकारी वकील नेमकं त्यावर बोट ठेवतात. म्हणून निकालाइतकेच मूळ कागद मोलाचे. आमची सगळी भिस्त स्टेशन डायरीतल्या एका नोंदीवर आहे. जप्ती पंचनाम्यावर जी वेळ घातलीय, त्याच वेळी तपास अधिकारी दुसऱ्या गावी यात्रेच्या बंदोबस्तावर होते. उलटतपासात त्या नोंदीला निशाणी क्रमांक पडला, म्हणून ती टिकली. पंचनामे, जबाब, रोजनामा, सगळ्याच्या सहीशिक्क्याच्या नकला वेळेत काढा. जुनं रेकॉर्ड कोर्ट कायम ठेवत नाही.

३. वकिलांच्या फीच्या पावत्या, विकलेल्या जमिनीचा फेरफार, बुडालेल्या पगाराचा दाखला जपा. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर ठरते. ऐपत नसेल तर निर्धन म्हणून दावा लावायची परवानगी मागता येते.

४. भरपाईसाठी उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात रिट अर्ज करायचाही विचार करा, पण त्याच्या भरवशावर दाव्याची मुदत घालवू नका. १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही रुदुल साह बिहारच्या तुरुंगात चौदा वर्षं पडून राहिले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना एकूण ३५,००० रुपये देवविले. भटक्या जमातीतल्या सहा जणांच्या फाशीवर याच न्यायालयाने २००९ मध्ये शिक्कामोर्तब केलं होतं. २०१९ मध्ये त्यांना निर्दोष ठरवून महाराष्ट्र सरकारला प्रत्येकी पाच लाख भरायला लावले. अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यातून सुटलेल्यांना मात्र २०१६ मध्ये भरपाई नाकारली. भरपाई हा हक्क म्हणून कायद्यात लिहिलेला नाही, तोवर हे असंच चालणार. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात अशा दाव्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष न्यायालयं सुचवली आहेत. कायदा अजून झालेला नाही. त्या अहवालाची प्रत आम्ही आमच्या खासदारांकडे दिली आहे. तुम्हीही तुमच्या खासदारांकडे द्या.