सिस्टिमने कापले म्हणे!

नोकरी सोडली, पगार थांबला आणि बँकेने माझं पगाराचं खातं परस्पर साधं बचत खातं करून टाकलं. मग किमान शिल्लक नाही म्हणून दर तिमाहीला दंड, वर त्यावर १८ टक्के जीएसटी. होते ते पैसे संपले तरी यांची कापाकापी चालूच. पासबुक भरून घेतलं तर शेवटच्या रकमेपुढे ‘डीआर’ छापलेलं. माझेच पैसे खाऊन वर मीच बँकेचा देणेकरी! तिथे माझं डोकं फिरलं.

काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, “काका, सिस्टिम कापते, आमच्या हातात काही नाही.” शाखाधिकारी त्याच्याही पुढचे. “आधी उणे रक्कम भरा, मग खातं बंद करू.” मी दमडी भरली नाही. तुम्हीही भरू नका.

रिझर्व्ह बँकेचं नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, निदान महिन्याची मुदत द्यायची, मगच दंड. तोही जेवढी तूट, त्या प्रमाणात. आणि निव्वळ या दंडापायी खातं उण्यात जाता कामा नये. याची छापील प्रत टेबलावर ठेवली, तर साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचली आणि विचारलं, “हे कुठून आणलंत?” अहो, तुमच्याच नियामकाच्या संकेतस्थळावरून!

तोंडी बोलण्यात काही अर्थ नाही. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर शिक्का, सही, तारीख घ्या. मला “पोच द्यायला साहेब नाहीत, जेवायला गेलेत” असं सांगितलं. मी खुर्ची सोडली नाही. जेवण बरंच लांबलं, पण शिक्का मिळाला. अर्जात ‘दंड का घेतला’ असं विचारू नका, त्याला छापील उत्तर तयार असतं. ‘दंडाआधीची नोटीस कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर पाठवली, ते दाखवा’ असं लिहा. माझ्या बाबतीत ते त्यांना दाखवता आलं नाही.

मग फोन आला: खास बाब म्हणून निम्मे परत देतो, तक्रार मागे घेतल्याची सही करा. खास बाब कसली? पैसे माझे!

तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. मी तिकडे गेलो आणि पूर्ण रक्कम जीएसटीसकट जमा झाली. दिलगिरीचा एक शब्द नाही. उलट पत्रात ‘ग्राहकसंबंध लक्षात घेऊन’ म्हणे.

बाकी नेहमीचंच: बँकेचे एसएमएस वाचत जा, नको असलेली खाती वेळेत बंद करा. आणि प्रकरण लोंबकळत ठेवू नका, लोकपालाकडे जायलाही मुदत असते.