अमेरिकाभेटीचा व्हिसा : अर्जामागील तत्त्व

शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेल्या मुलामुलींना भेटण्यास जाणारे आईवडील आता केवळ मोठ्या शहरांतलेच नसतात. लहान गावांतील कुटुंबे प्रथम सल्ला विचारतात तो शाळेतील गुरुजींना आणि पंचायत सदस्यांना. म्हणून या अर्जामागील तत्त्व त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पारपत्र व व्हिसा यांत पुष्कळांची गल्लत होते. पारपत्र भारत सरकार १९६७ च्या अधिनियमान्वये देते. व्हिसा हा यजमान देशाचा परवाना असून तो मिळणे हा कोणाचा हक्क नव्हे. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्यातील कलम २१४ (ब) नुसार, भेटीचा व्हिसा मागणारी व्यक्ती कायम वास्तव्यासाठीच येत आहे, असे प्रथम गृहीत धरले जाते. तसे नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. शेती, घर, नोकरी वा निवृत्तिवेतन, गावी असलेले कुटुंब हे परतण्याचे खरे आधार होत.

भेटीसाठी ‘बी-२’ वर्गाचा व्हिसा लागतो. त्याचा डीएस-१६० हा अर्ज संगणकावर भरावयाचा असतो. शुल्क परत मिळत नाही. बोटांचे ठसे व छायाचित्र दिल्यानंतर, महाराष्ट्रातील अर्जदारांची मुलाखत सामान्यतः मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात होते. ती बहुधा काही मिनिटांचीच असते. सोबतची कागदपत्रे पाहिली जातीलच असे नाही. म्हणून अर्जातील माहिती आणि तोंडी उत्तरे यांत मेळ असणे महत्त्वाचे.

येथेच काही मध्यस्थ घातक सल्ला देतात. उसनवारीची रक्कम बँकेत दाखवावी, पूर्वीचा नकार लपवावा, मुलगा तेथे राहतो हे सांगू नये, असे ते सुचवितात. कलम २१४ (ब) खालील नकाराविरुद्ध अपील नसले, तरी परिस्थिती बदलल्यावर पुन्हा अर्ज करता येतो. परंतु महत्त्वाच्या बाबीत हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्याचे ठरल्यास अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. नातवंडाला पाहण्याची संधी एका असत्यापायी गमावणे कोणाही आजीआजोबांना परवडणारे नाही.

विवाहापूर्वीचे व नंतरचे नाव, जन्मतारीख आणि आडनावाचे स्पेलिंग यांतील तफावत पारपत्र काढतानाच दूर करावी. शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या नोंदी अचूक असतील, तर पुढील अडचणी पुष्कळशा टळतात. शासकीय कर्मचाऱ्यांनी परदेशप्रवासासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी.

व्हिसा हाती आल्यावरही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्हिसाची मुदत म्हणजे तेथे राहण्याची मुदत नव्हे. व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी एका भेटीत किती दिवस राहता येईल हे अमेरिकेत उतरल्यावर तेथील अधिकारी ठरवितो. साधारणतः सहा महिन्यांची मुभा मिळते. दिलेल्या तारखेपूर्वी परतणे हाच पुढील अर्जासाठी सर्वोत्तम दाखला होय.