ई-बुक रीडर आणि शिक्षकाचा ग्रंथसंग्रह

उत्तम ग्रंथ आपल्या मालकीचा असावा, ही इच्छा वाचनाची गोडी असलेल्या प्रत्येक शिक्षकास होते. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर अथवा जळगाव जामोद तालुक्यातील लहान गावी नेमणूक झालेल्या शिक्षकास मनाजोगे पुस्तक घ्यावयाचे तर खामगाव-शेगावकडे जावे लागते. आणि बदली झाली म्हणजे जमविलेली पुस्तके न्यावयाची कशी, हा प्रश्न उभा राहतो. एका लहान वहीएवढ्या साधनात शेकडो ग्रंथ मावतात, हे ऐकून अशा शिक्षकाचे मन ई-बुक रीडरकडे ओढले जावे, यात नवल नाही.

हे साधन मोबाइलपेक्षा वेगळे आहे. त्याच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असून त्यांत काळे व पांढरे विद्युत्‌भारित कण असतात. विद्युत्‌भाराप्रमाणे हे कण वर-खाली होतात व अक्षर उमटते. उमटलेले अक्षर टिकविण्यास वीज लागत नाही. ती मुख्यतः पान बदलताना खर्च होते. म्हणून एकदा बॅटरी भरली की ती कित्येक दिवस पुरते. भर उन्हातही अक्षर कागदावरल्यासारखे स्पष्ट दिसते, आणि चाळिशी लागलेल्यांस ते हवे तेवढे मोठे करून घेता येते.

अ‍ॅमेझॉन कंपनीने ‘किंडल’ हे साधन १९ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेत विक्रीस आणले. तेव्हा त्याची किंमत ३९९ डॉलर होती व त्यात सुमारे २०० पुस्तके मावत. डिसेंबर २०१६ मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके त्यावर उपलब्ध झाली. विनामूल्य ग्रंथही पुष्कळ आहेत. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांसाठी खुले होते. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यांचे असे लेखन २०११ पासून खुले आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपले अनेक ग्रंथ संकेतस्थळावर ठेविले आहेत. मात्र पानांची छायाचित्रे घेऊन केलेले पीडीएफ लहान पडद्यावर बारीक दिसते व त्यातील अक्षर वेगळे मोठे होत नाही, हे ध्यानी ठेवावे.

आता मालकीचा विचार. जुलै २००९ मध्ये याच कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्यास त्यांचे हक्क नव्हते, हे कारण होते. पैसे परत मिळाले, कंपनीने क्षमाही मागितली. तथापि यंत्र आपले असले तरी त्यातील विकत घेतलेला ग्रंथ बहुधा वाचण्याच्या परवानगीपुरताच आपला असतो, ही गोष्ट सर्वांच्या लक्षात आली. कागदी पुस्तक मात्र विद्यार्थ्याच्या हाती देता येते, त्याच्याकडून त्याच्या बहिणीकडे जाते, आणि शिक्षकाची बदली झाल्यावरही शाळेच्या कपाटात राहते.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. शिक्षक पुस्तक वाचीत बसलेला दिसला, तर तिसरीतील मुलास त्या पुस्तकाचे कुतूहल वाटते. तोच शिक्षक यंत्राकडे पाहत बसला, तर गुरुजी मोबाइल पाहत आहेत, असेच मूल समजेल. वाचनाची गोडी मुलांस शिक्षकाच्या वाचनातूनच लागते. ते वाचन मुलांस दिसले पाहिजे. यास्तव यंत्र शिक्षकाने स्वतःच्या अभ्यासासाठी अवश्य घ्यावे. त्यातील कथा वर्गात मोठ्याने वाचून दाखवावी. परंतु मुलांच्या हाती कागदी पुस्तकच द्यावे. यंत्र घेतले म्हणून शाळेचे ग्रंथकपाट कुलपात राहू नये.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न :
१. गेल्या तीन महिन्यांत आपण पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त कोणता ग्रंथ पूर्ण वाचला?
२. आपले वाचन मुलांच्या दृष्टीस केव्हा पडते?
३. शाळेच्या कपाटातील किती पुस्तके या सत्रात मुलांच्या घरी गेली?