गोंगाट आणि आक्रोश : मराठीतील कोलाहलवाचक शब्दांची निवड

मोठ्या आवाजाचे वर्णन करताना मराठी लेखकाला शब्दांची उणीव भासत नाही. अडचण असते ती निवडीची. कोलाहल, गोंगाट, कलकलाट, गलका, ओरड, बोंब, आकांत, आक्रोश हे शब्द अर्थाने जवळचे मानले जातात. प्रत्यक्ष वापरात मात्र ते एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. प्रस्तुत लेखात या भेदाचा विचार गोंदिया जिल्हा व त्याचा परिसर यांतील उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे.

या शब्दांचा पहिला वर्ग ध्वन्यनुकारी शब्दांचा. मूळ ध्वनीची द्विरुक्ती करून तिला ‘आट’ हा प्रत्यय जोडण्याची मराठीची रीत परिचित आहे. ढगांचा गडगडाट, विजेचा कडकडाट, भांड्यांचा खणखणाट, ढोलताशांचा दणदणाट ही तिची उदाहरणे होत. हे शब्द ध्वनीचा उगम सांगतात. म्हणून उगम बदलला की शब्द बदलावा लागतो. महाराष्ट्रात सारस पक्षी आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातील तलाव व धानाच्या बांध्यांच्या आश्रयाने टिकून आहे. सारसांची जोडी एकत्र देते ती साद दूरवर ऐकू जाते. तिला ‘किलबिलाट’ म्हटल्यास पक्षी हा तपशील बरोबर ठरेल, पण आवाजाचे आकारमान चुकेल. क्रियापदाकडेही लक्ष द्यावयास हवे. राईस मिलची घरघर ऐकू येणे आणि राईस मिलला घरघर लागणे यांत चालू धंदा आणि बुडता धंदा एवढे अंतर आहे.

दुसरा वर्ग समूहाच्या आवाजाचा. गलका, कलकलाट, गोंगाट आणि कोलाहल या शब्दांत माणसे बोलत असतात, परंतु बोलणे कळत नाही. दिवाळीनंतर या भागातील गावोगावी भरणाऱ्या मंडईतील गर्दीला ‘गलका’ हा शब्द शोभतो, कारण तेथे प्रत्येकाचे बोलणे निराळे असते. त्याच मंडईच्या रात्री रंगणाऱ्या दंडारीला मात्र तो शोभणार नाही. तेथील आवाजाला ताल असतो आणि ऐकणाराही असतो.

येथे ऐकणाऱ्याची भूमिका महत्त्वाची ठरते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्व विदर्भात मारबत काढली जाते. रोगराई व इडापीडा घेऊन जाण्यास मारबतीला मोठ्याने बजावीत लोक तिला गावाबाहेर नेतात. परक्या माणसाला हा निव्वळ आरडाओरडा वाटेल. सहभागी माणसाच्या दृष्टीने ती ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या दिवशी, विशिष्ट हेतूने दिलेली हाळी असते. ‘गोंधळ’ या शब्दाचा प्रवासही असाच उद्बोधक आहे. संबळाच्या साथीने देवीपुढे घातला जाणारा हा विधी. नित्य भाषेत त्याचा अर्थ अव्यवस्था असा झाला. आतून जो विधी असतो, तो बाहेरून केवळ आवाज ठरतो, हे या अर्थांतरातून दिसून येते.

तिसरा वर्ग लोकक्षोभाचा : ओरड, बोंब, टाहो, आक्रोश, एल्गार. दुसऱ्या वर्गापासून याचे वेगळेपण व्याकरणातच दिसते. ‘पाण्याची ओरड’ म्हणजे पाणी नसल्याची तक्रार. ‘पाण्याचा गोंगाट’ म्हटले की पाणीच आवाज करू लागते. धानाच्या भावाबद्दल ओरड होते, न्यायासाठी आक्रोश होतो, अन्यायाविरुद्ध एल्गार पुकारला जातो. ‘भावाबद्दल गोंगाट’ ही रचना कानाला खटकते. याचा अर्थ असा की, ओरड व आक्रोश या शब्दांत कारणाला जागा आहे. गोंगाट या शब्दात ती नाही. फार्सीतून आलेल्या ‘एल्गार’ या शब्दाचा मूळ अर्थ चढाई असा असल्याने त्यात प्रतिपक्षही गृहीत असतो. सुरेश भटांच्या १९८३ मधील संग्रहाचे ‘एल्गार’ हे नाव म्हणूनच नेमके वाटते. या वर्गातही प्रतवारी आहेच. ‘नेहमीचीच ओरड’ म्हणताच तक्रार हलकी होते. ‘नेहमीचाच आक्रोश’ असे सहसा कोणी म्हणत नाही.

या निवडीला सामाजिक परिणाम असतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यानंतर विदर्भात व विदर्भाबाहेरही लोक रस्त्यावर उतरले. अशा घटनेचे वर्णन ‘गदारोळ’ किंवा ‘हुल्लड’ या शब्दांनी केले की वाचकापर्यंत आवाज पोहोचतो, पण कारण पोहोचत नाही. ‘आक्रोश’ म्हटले की ‘कशासाठी?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. उलट, जेथे दुकाने फोडली गेली तेथे केवळ ‘आक्रोश’ म्हणणे हेही अपुरे वर्णन होय. तेथे फोडणाऱ्यांची कृती स्वतंत्र वाक्यात नोंदवावयास हवी.

तात्पर्य, कोलाहलाचे वर्णन करणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : आवाज कोणाचा आहे, त्यातील शब्द कळतात काय आणि तो कोणाला उद्देशून आहे? पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मिळत असेल तर पहिल्या दोन वर्गांतील शब्द पुरेसे आहेत. तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळत असताना ‘गोंगाट’ लिहिणे म्हणजे बोलणाऱ्याची मागणी वाक्यातून वगळणे होय. मराठीने हा भेद शब्दांत जपला आहे. तो लेखनात जपणे ही लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे.