संगणकाच्या चित्रात माल किती धूसर असावा?

आता माल मागावर चढण्याआधीच त्याचे चित्र संगणकावर तयार होते आणि त्यावरच ऑर्डर मिळते. खर्च वाचतो, ही चांगली गोष्ट आहे. परंतु या चित्रातील धूसरपणा समजून घेतला नाही तर नुकसान होते. आम्ही ते सोसले आहे.

आम्ही हिमरू शालींची चित्रे करून घेतली होती. पुढचा काठ स्वच्छ, मागचा बुट्टीचा भाग धूसर. चित्र देखणे होते. माल पोहोचल्यावर गिऱ्हाईकाने अर्धा गठ्ठा परत पाठवला. त्याचे म्हणणे, "बुट्टी इतकी विरळ आहे, हे चित्रात दिसलेच नाही." आम्ही फसवले नव्हते, पण दाखवलेही नव्हते. चूक आमचीच.

हा धूसरपणा येतो कसा? खऱ्या कॅमेऱ्याची काच एकाच अंतरावर नेमकी जुळते. त्याच्या पुढचे-मागचे काही अंतर स्वच्छ दिसते, त्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. बाकीचे विरघळते. संगणकाचा साधा कॅमेरा मात्र बिंदूएवढ्या छिद्रासारखा असतो, त्यात सगळेच स्वच्छ दिसते. म्हणून चित्र खोटे वाटते. १९८४ साली अमेरिकेतील लुकासफिल्मच्या रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर आणि लॉरेन कार्पेंटर यांनी यावर उपाय मांडला. काचेच्या निरनिराळ्या ठिकाणांहून आणि निरनिराळ्या क्षणी किरण सोडायचे व त्यांची सरासरी काढायची. खोलीचा धूसरपणा आणि हालचालीचा धूसरपणा, दोन्ही या एकाच युक्तीने साधले.

आता हिशेब पाहू. ३६ मिलिमीटर रुंदीचा सेन्सर, ५० मिलिमीटरची लेन्स आणि माल १ मीटरवर धरा. एफ-स्टॉप २.८ ठेवला तर जेमतेम ६ सेंटीमीटर खोलीचा माल स्वच्छ दिसतो. ८ ठेवला तर सुमारे १८, आणि ११ ठेवला तर सुमारे २५ सेंटीमीटर. आकडा लहान, तर धूसरपणा जास्त. कॅमेरा निम्म्या अंतरावर आणला तर ही खोली जवळजवळ चौथाईवर येते. आमच्या चित्रात आकडा २.८ होता. बुट्टी गेली ती तिथेच.

ब्लेंडर हा कार्यक्रम मोफत मिळतो. त्यात एक एकक म्हणजे १ मीटर. २ मीटरची शाल चुकून २० मीटरची काढली आणि कॅमेरा त्याच प्रमाणात दूर नेला, तर धूसरपणा जवळपास नाहीसा होतो. मग मुलगा आकडे फिरवत बसतो. म्हणून आधी माप खरे ठेवा. फोकस कुठे हवा तेही अंदाजाने न ठरवता, जो भाग विकायचा आहे त्यावरच बांधा.

दुसरी गोष्ट मोशन ब्लर. शटर उघडे असताना वस्तू जेवढी सरकते, तेवढी ती पुसट होते. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर ०.५ असेल, तर ते सेकंदाचा ५० वा भाग उघडे राहते. दुपट्ट्याचे टोक सेकंदाला २ मीटर वेगाने उडत असेल, तर तेवढ्यात ते ४ सेंटीमीटर सरकते. चार सेंटीमीटरचा जरीचा काठ त्यात पार मिसळून जातो. शटर ०.१ केले तर सरकणे ८ मिलिमीटरवर येते. काठ ओळखू येतो आणि उडण्याचा भासही राहतो.

धूसर भाग दाणेदार दिसला तर किरणांची संख्या, म्हणजे सॅम्पल, वाढवा. वेळ जास्त लागेल, पण दाणे तसेच सोडले तर गिऱ्हाईक त्यांना सुताचा दोष समजेल.

आम्ही आता प्रत्येक नमुन्याची तीन चित्रे काढतो. पहिल्यात संपूर्ण माल स्वच्छ, दुसऱ्यात वीण जवळून, आणि तिसरे तेवढे सजावटीचे धूसर चित्र. ऑर्डर पहिल्या दोन चित्रांवरच घेतो. तेव्हापासून चित्राच्या तक्रारीवरून गठ्ठा परत आलेला नाही.

धूसरपणा गिऱ्हाईकाची नजर मालाकडे नेण्यासाठी आहे, मालावरून हटवण्यासाठी नाही. चित्र करणाऱ्या मुलाला एवढे एक वाक्य आधीच सांगून ठेवा.