शरदाचे देणे

‘वर्ष’ शब्द पावसावरून आला. पण वेदांत ऋषींनी आयुष्य मागितले ते शंभर शरदांचे. पाऊस सोसून झाल्यावरचे हे निवळ दिवस! आश्विन-कार्तिकात पहाटे काकड्याला निघावे तो दारी प्राजक्ताचा सडा. भुईवर पडलेले फूल देवाला चालत नाही; प्राजक्ताला तेवढी मुभा. न तोडता मिळते ते, वाकून वेचायचे फक्त.

तरी आपण कुरकुरतोच. मीही. यंदा गुडघ्यांनी कार्तिकीच्या पायी वारीला नाही म्हटले, तर चार दिवस घरात कोणाशी धड बोललो नाही. पाचव्या दिवशी नात परकराच्या ओच्यात फुले घेऊन आली. म्हणाली, “आजोबा, देवळातल्या विठोबाला माळ करू या ना!” बसलो. सुईत दोरा घालायला डोळे तिचे, ओवायला बोटे माझी.